आपल्याले भेव नाही

जळगाव जामोदला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका टायरवाल्याचं दुकान आहे. चहा पिताना तो स्वतःबद्दलच बोलतो. "ऊन? आपल्याले नाही लागत. तिखट? आपल्याले नाही झोंबत. भेव तर माहीतच नाही." ऐकून ऐकून मी त्या वेळेचा चहाच टाळायला लागलो होतो.

एका रविवारी आम्ही गल्लीतले काहीजण सातपुड्यातली एक गुहा पाहायला गेलो. कधीकाळी तिथून लाव्हा वाहत गेला. वरचा थर गोठून दगड झाला, आतला रस पुढे निघून गेला आणि मागे ही लांबलचक नळी उरली. तो सगळ्यांच्या पुढे, अर्थातच. त्याच्या मागे मी. एका वळणावर मागचा उजेड संपला, छत डोक्याला टेकलं आणि माझे पायच उचलेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन थांबले बे?"

त्याने वळून बॅटरी माझ्या चेहऱ्यावर धरली आणि लगेच विझवली.

"मले भेव वाटून राह्यलं," तो मोठ्यांदा म्हणाला. "चला वापस. भाऊ, हात धरा माहा."

बाहेर आल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो नुसता हसत राहिला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्याने चिवड्याची पुडी पुढे केली. "खा ना भाऊ."

हल्ली मी चहा टाळत नाही. तो अजून ऊन सांगतो, तिखट सांगतो. भेवाचं वाक्य मात्र त्याने कायमचं सोडून दिलंय.