बांधावरची झाडं

बद्रीनाथ आमच्या ऑफिसात आला तेव्हा त्याच्याकडे लँडस्केप आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री होती आणि डोक्यात खूळ. फुलंब्रीजवळ त्यांच्या शेताच्या बांधावर कडुलिंब, पळस, बोर, बिब्बा अशी झाडं होती. ती माती आणि ओल कशी धरून ठेवतात, यावर त्यानं प्रबंध लिहिला होता. एक तरी बाग या आपल्या झाडांची करायची, एवढंच त्याला हवं होतं. आमच्याकडे कामं यायची ती लग्नाच्या लॉनची. गवत अंथरा, कारंजं लावा, मोकळे व्हा. यासाठी पोरानं एवढं डोळे फोडून का शिकावं, हे मला अजून कळलेलं नाही.

बीड बायपासला तात्यासाहेब नावाच्या आमच्या बड्या गिऱ्हाइकाचं नवं लॉन व्हायचं होतं. बद्रीनं त्यांच्यापुढे आपला नकाशा मांडला.

"बोरीचे काटे वऱ्हाडाच्या पायात घालतो व्हय रे?" तात्यासाहेब हसले.

"एकदा आमच्या बांधावर चला. सावलीत बसा, मग नाही म्हणा."

कसे कोण जाणे, ते तयार झाले. बद्रीनं लगेच वडिलांना, कडूबांना, फोन लावला. "आबा, रविवारी साहेब आपला बांध बघायला येणारेत."

रविवारी गाडी मीच चालवली. बद्रीची वाटभर बडबड चालू होती. शेतात उतरलो. बांध उघडाबोडका. जागोजागी जेसीबीनं उकरलेले खड्डे, कडेला लिंबाचं खोड आडवं पडलेलं.

कडूबा धुवट धोतर नेसून, नवी टोपी घालून पुढं आले. "या साहेब. तुमी येनार मनून समदं साफ करून घेतलं. सावलीनं कपाशी लई मार खात व्हती. पर पोराच्या अभ्यासाची झाडं, मनून हात लावला नवता. आता झालं की त्याचं शिकून."

तात्यासाहेबांनी नजर फिरवली आणि खूश झाले. "बघ बद्री, तुझ्या बापाला कळतं. असंच सपाट, मोकळं पाहिजे मला."

कडूबांचा चेहरा फुलला. त्यांना दोष कसा द्यायचा? बद्री आडव्या खोडापाशी जाऊन बसला. मला मात्र तात्यासाहेबांचा असा संताप आला, की परतताना खड्डे न बघता गाडी दामटली.

सोमवारी बद्रीनं नवा नकाशा माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यात एकही झाड नव्हतं. तात्यासाहेबांनी तो बघताक्षणी पास केला.

लॉनच्या उद्घाटनाला कडूबा फुलंब्रीहून मुद्दाम आले. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "हे माझ्या पोरानं केलंय."