बारावं फळ

"मॅडम, हळू. बी कापली जाईल," संशोधन केंद्रातल्या माझ्या मदतनीस सुनंदाताई म्हणाल्या. रानबटाट्याच्या फुलांना आपल्या बटाट्याचे पराग त्यांनीच लावले होते. गोटीएवढी अकरा फळं मी कापली. अकराही बिनबियांची निघाली. बारावंही तसंच निघालं, तर करपा रोगाला दाद न देणारं हे झाड उपटायचं होतं. उपटायच्या झाडाला बांधतात ती लाल फीत मीच त्याला बांधली होती.

रानबटाट्यात गुणसूत्रं आपल्या बटाट्याच्या निम्मी. स्त्रीबीज तयार होताना ती आणखी निम्मी होतात, म्हणून दोघांचं जमत नाही. क्वचित एखादं स्त्रीबीज निम्मं व्हायचं राहूनच जातं, आणि तेवढंच बी धरतं. परागात अशी चूक झाली, तर ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. स्त्रीबीज मात्र फुलाच्या पोटात दडलेलं. तिथे ती चूक झाली का, हे फळ कापल्याशिवाय कळत नाही. जन्मभर मी लोकांच्या चुका काढत आले. आज एक चूक झालेली असावी, म्हणून सुरी फळावर टेकवून मी थांबले होते.

"कापा आता," सुनंदाताई म्हणाल्या.

गरात एकच बी होती, चपटी, भरलेली. भिंगाखाली धरून मी ती पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मान वर केली तेव्हा सुनंदाताईंनी मला न विचारताच फीत सोडली होती.