पडद्याची गुळगुळीत बाजू

सूनबाईने नोकरी सोडली तेव्हा घरात एक गोष्ट ठरली. सहा महिन्यांत तिच्या व्हिडिओंना कुणी घेणारं मिळालं नाही, तर तिने पुन्हा एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत जायचं. हे मुलगा बोलला, ती 'हो' म्हणाली, मी ऐकत बसलो.

तिला लहान मुलांना गोष्टी सांगायच्या होत्या. मागे जंगल, नदी, बाजार आणि पुढे ती. त्यासाठी उजेड आरपार जाऊ देणारा, धुरकट पडदा लागतो. प्रोजेक्टर पडद्याच्या मागे ठेवला की सांगणाऱ्याची सावली चित्रावर पडत नाही.

"बाबा, तुम्ही करून द्याल?" तिने विचारलं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

मल्लेश्वरममधल्या सुताराकडून चौकट करून घेतली. ती गुण्यात आहे ना, चारही कोपरे काटकोनात आहेत ना, हे मी तीनदा तपासलं, तर तो म्हणाला, "अण्णा, तुमची भिंत स्वल्प वाकडी असेल. माझी चौकट नाही."

चौकटीवर मी ट्रेसिंग फिल्म ताणून बसवली. ही फिल्म एका बाजूने खरखरीत असते, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. रेघ खरखरीत बाजूवर उमटते, म्हणून ड्राफ्ट्समन ती बाजू कायम आपल्याकडे ठेवतो. चौकट पालथी घालून मी मागून पिना मारत होतो. हातांनी सवयीप्रमाणे खरखरीत बाजू माझ्याकडे ठेवली. गुळगुळीत बाजू कॅमेऱ्याकडे गेली.

चित्र छान दिसलं. पण तिने स्वतःवर दिवे लावले की पडद्यात त्यांची चकाकी येई. "बाबा, हा पडदा आहे की आरसा?" ती हसून म्हणाली. मग दिवे वर नेले, बाजूला नेले, त्यांच्यावर मलमल बांधली. पंधरा दिवस हेच चाललं. हसणं थांबलं. मुलगा तिला म्हणाला, "बाबांचं काम कधी चुकलंय का? तुझ्या लाइटिंगचाच प्रॉब्लेम असणार."

एका दुपारी ती बाहेर गेली असताना मी पडद्यावर पुढून नख ओढलं. ते सरळ घसरत गेलं. पिना उपसून फिल्म उलटायला दोन तास पुरले असते. मी पडद्याला हात लावला नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय ना, बाबा?"

मी म्हणालो, "असेल."

का म्हणालो, याची मी पुढे बरीच कारणं शोधली. तिची नोकरी सुटल्याची काळजी होती, हेही एक. ती सगळी खोटी आहेत. माझं काम कधी चुकत नाही, हे मुलाचं वाक्य मला सोडवलं नाही, एवढंच.

मुलांचे व्हिडिओ घेणाऱ्या दोन कंपन्यांना तिने नमुने पाठवले. सांगण्याची पद्धत आवडली, पण मागचं दृश्य काचेपलीकडचं वाटतं, असं दोघांनी कळवलं. सहा महिने संपले. ती नोकरीवर गेली. मी फिल्म फाडून टाकली आणि चौकट शेजारच्या अक्कांना वेल चढवायला दिली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. पाहुणे आले की मुलगा अजून म्हणतो, "आमच्याकडे एक डिरेक्टर होती." ती त्याच्याबरोबर हसते. ते हसणं मला ऐकवत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी ती बूट घालत असताना मी तिला सगळं सांगितलं. कोणती बाजू कुठे गेली, मला कधी कळलं, मी काय बोललो.

तिने नाडी बांधली. म्हणाली, "बाबा, किती मनाला लावून घेता! मला ते जमण्यातलं नव्हतंच."

"जमत होतं. दोष पडद्यात होता."

"बरं, सरी," ती कानडीत होकार भरत म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं. "तुम्ही माझी समजूत काढताय, कळतं मला."

खाली कॅब आली होती. मी जिन्यापर्यंत तिच्या मागे गेलो आणि पुन्हा तेच सांगू लागलो. ती फोनवर ड्रायव्हरला थांबायला सांगत उतरत होती.