कॉकपिटखालचा बाण

आठ वाजून गेले तरी भामरे भाऊंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. मी बेल दाबली, हाका मारल्या, आणि मग त्यांनीच सांगून ठेवलं होतं तशी कोरफडीच्या कुंडीतून किल्ली काढली. भाऊ टेबलाशी खुर्चीतच होते. चष्मा नाकावर, पुढ्यात वीतभर लांबीचं राखाडी लढाऊ विमान... रात्रीच कधीतरी हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता दोनेक महिने होतील.

सातपूरच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, समोरासमोर. एकात मी, शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, एकटी. दुसऱ्यात भाऊ, कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. वहिनी गेल्यापासून तेही एकटेच. मुलगा नितीन कॅनडात. तो लहान असताना भाऊंनी त्याच्यासाठी विमानाच्या मॉडेलचा पहिला संच आणला. पोराला चार दिवसांत कंटाळा आला आणि बापाला जन्माचा नाद लागला. पुढे दर दिवाळीला नितीनऐवजी नितीनने पाठवलेलं नव्या संचाचं खोकं यायचं. भाऊ ते सगळ्या इमारतीला कौतुकाने दाखवायचे. मला मात्र त्या खोक्याचा राग यायचा, अजून येतो.

विमान जोडणं, रंगवणं भाऊ स्वतः करत. अडायचं ते शेवटी. विमानावरचे नंबर, तिरंगी चकत्या, बारीकसारीक सूचना, हे सगळं एका कागदावर छापलेलं येतं. हवं ते कापायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, आणि सुटलं की ब्रशने अलगद सरकवून विमानावर बसवायचं. त्याला डीकल म्हणतात, हेही मला भाऊंकडूनच कळलं. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा एका दुपारी ते कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "ताई, तुम्ही सुईत दोरा एका दमात ओवता. माझं एवढं काम करून द्या." तेव्हापासून निवडणार ते आणि बसवणार मी, असं ठरूनच गेलं.

आणि त्यांचं निवडणं म्हणजे काय सांगू! एकाच कागदावर तीन-चार विमानांचे नंबर असतात, त्यातला एकच घ्यायचा. भाऊ त्यात आठवडेच्या आठवडे घालवायचे. भिंग घेऊन फोटो बघायचे, आज एक ठरवायचे, उद्या मोडायचे. मी वैतागून म्हणायची, "अहो, पोराचं नाव ठेवायलाही एवढा वेळ लागला नसेल तुम्हाला!" त्यावर ते शांतपणे, "काय घाई शे, ताई? नंबर लावला की ते तेवढं एकच विमान होऊन बसतं. मग दुसरं होता येत नाही बिचाऱ्याला." सटाण्याची बोली त्यांच्या तोंडी अशी खुशीत असतानाच यायची. एकदा मी शेपटीवरचा तिरंगा उलटा बसवला. भाऊंनी आधी चहा संपवला, कपबशी विसळून ठेवली, आणि मग म्हणाले, "केशरी नेहमी नाकाकडे, ताई." मी पुन्हा पाणी कोमट केलं. डीकल भिजायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात आम्ही काय काय बोललो असू... मी जायची ती त्या मिनिटासाठीच.

शेवटच्या विमानाच्या कागदावर दोन पिवळे बाण होते, तांदळाच्या दाण्याएवढे. कॉकपिटखाली दोन्ही बाजूंना एकेक. वैमानिक आत अडकला तर बाहेरच्या माणसाने कुठून उघडायचं, ते हे बाण दाखवतात. भाऊंनी त्यातला एक मला स्वतःच्याच दारावर लावायला सांगितला, कुलपाखाली, कोरफडीच्या कुंडीकडे टोक करून. "आतल्याला उघडता येईलच असं नाही," म्हणाले. मी चिडले. "काहीतरी अभद्र बोलू नका. आणि विमानाला एकच बाण?"

"एका बाजूने उघडलं तरी माणूस निघतो की."

सकाळी दार उघडलं की आधी समोरची पिशवी आत गेली का ते बघायचं, ही आम्हा दोघांची सवय. माझी पिशवी उशिरापर्यंत बाहेर दिसली की भाऊ दार वाजवायचे, "ताई, दूध उन्हानेच तापवताय का?" परवा मी मुद्दाम पिशवी आत घेतली नाही. या वयात हे कसलं खूळ, पण नाही घेतली. आत बसून पावलं ऐकत राहिले. वरची मुलं धाडधाड उतरून शाळेत गेली, घंटागाडी येऊन गेली, कुरिअरवाला वर जाऊन खाली आला. दुपारी दूध नासलं. ते ओतून दिलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. भाऊ गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

नितीन दिवसकार्याला आला, घराला स्वतःचं कुलूप लावून गेला. जाताना विमान आणि तो कागद माझ्या हातात दिला. "काकू, तुम्हीच पूर्ण करा." भाऊंनी ठरवलेला नंबर मी लावला, चकत्या लावल्या, तिरंगा लावला, केशरी नाकाकडे. उरला तो एक बाण. आजवर एकदाही मी काही निवडलं नव्हतं. दूध नासलं त्या संध्याकाळी पाणी कोमट केलं आणि बाण भिजत घातला. मिनिटभर घरात कोणी बोललं नाही. मग तो माझ्याच दारावर लावला, कुलपाखाली, तुळशीच्या कुंडीकडे टोक करून, आणि कुंडीत किल्ली पुरली.

विमान आता माझ्या शिलाई मशीनवर असतं. कॉकपिटखाली दोन्ही बाजूंना जागा कोरी आहे. भाऊंनी नाक मुरडलं असतं, आणि मग चहा संपवून कपबशी विसळली असती. रोज सकाळी मी दार उघडते, आणि आधी समोरच्या कडीकडेच बघते. पिशवी नसते. इतकी वर्षं याचा अर्थ असा व्हायचा, की भाऊ उठले आहेत.