बाबांचा रविवार

आमच्या वाडीत रविवार फक्त आमच्या घरी यायचा. बाकीच्यांना सोमवार काय आणि शनिवार काय, सारखेच. अमावास्येला नांगर धरायचा नाही आणि मुरबाडच्या बाजाराला जायचं त्या दिवशी लवकर आवरायचं, एवढंच त्यांना वारांचं आणि तिथींचं कौतुक. आमचे बाबा मात्र शनिवारी संध्याकाळी कुदळ आणि कोयता धुऊन भिंतीला लावून ठेवत, आणि सोमवार उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नसत.

वाडी वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. गावाने कडेला ठेवलेली आठ-दहा घरं. आम्ही गावाबाहेरचे, आणि बाबा ख्रिस्ती झालेले, म्हणजे बाहेरच्यांतलेही बाहेरचे. तरुणपणी ते घाटावर मिशनच्या शाळेत राहिले, तिथेच बाप्तिस्मा घेतला आणि शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत मारून परत आले. वाडीत दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. पण वाडी सगळी आमच्याच भाऊबंदांची, आणि त्यांनी आम्हाला टाकलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे प्रत्येक उपदेशात मी ऐकत आले की विश्वासी माणसाचा जग छळ करतं. आमचा कुणी छळ केला नाही. आमच्यासाठी जग बरंच वाकलं, आम्हीच ताठ राहिलो.

भाताची आवणी वाडीत सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात रोप लावायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, फक्त एकमेकांचं काम फेडायचं. दुसऱ्याची दोन-तीन खाचरं बाबा खंडाने करत, त्यातल्या भातावर आमचं वर्ष निघे. रविवारी आमच्या घरचं माणूस सावडीला जात नसे. थोरले काका, बाबांचे सख्खे भाऊ, सावडीचे पुढारी. ते हसून म्हणत, "त्याचा देव त्याला सुट्टी देतो. आपला देत नाय, काय करनार!" आणि आमची पाळी चुकूनसुद्धा रविवारी पडणार नाही अशी सांभाळत. इतकी वर्षं त्यांनी ती सांभाळली, पण त्याबद्दल बाबांनी त्यांचे कधी आभार मानल्याचं मला आठवत नाही. बाबांना वाटे, ही व्यवस्था देवाने केली.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. त्या साली आषाढात पावसाने दडी मारली. रोप हातभर झालं, पिवळं पडायला लागलं, आणि खाचरं कोरडी. सगळी वाडी आभाळाकडे बघून मान मोडून घेत होती. मग एका शुक्रवारी सुरू झालेला पाऊस शनिवारी दिवसभर कोसळला आणि खाचरं भरली. संध्याकाळी काका इरलं डोक्यावर घेऊन आमच्या दारात आले.

"तुझी खाचरं सगळ्यात वरची. तिथं पानी थांबत नाय," ते बाबांना म्हणाले. "उद्या सगळे आधी तुझ्याकडं येतो."

"उद्या रविवार आहे," बाबा म्हणाले. बाबा मिशनच्या शाळेत शिकले तेव्हापासून शुद्ध बोलत.

"आरं, उद्या पानी हाय. परवा नसंल."

"परवाचं देव बघेल."

काका आईकडे बघून म्हणाले, "तू तरी सांग गो याला." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "माजं ऐकत्यात होय?" आणि फुंकणी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी आमच्या बांधावर हजर. बायांनी लुगडी वर खोचलेली, नांगर चिखलात उतरायला तयार. बाबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले की तुम्ही परत जा. काका म्हणाले, "तू बस ना प्रार्थना करत! तुला कोन बोलावतंय? आमी लावतो. तुझ्या घरचं एक बोट पन लागनार नाय." बाबा म्हणाले, शेत माझं आहे, त्यालाही विसावा आहे. एक बाई फिसकन हसली. काका हसले नाहीत. त्यांनी बैल वळवले आणि सगळे खालच्या खाचरांकडे गेले.

लोकांना वाटेल बाबा ढोंगी होते. तसं असतं तर किती बरं झालं असतं! ढोंगी माणसाने पोटदुखीचं निमित्त केलं असतं, घोंगडी पांघरून घरात पडला असता, आणि आवणी उरकली असती. बाबांना खोटं बोलताच येत नव्हतं. दारूला शिवले नाहीत, कुणाचं वाईट चिंतलं नाही, आईवर हात टाकला नाही. त्यांचा राग करायला सोपं असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि म्हणून मला त्यांचा फार राग यायचा.

सोमवारी वरच्या खाचरांत पाणी नव्हतं. आई सकाळी जाऊन चिखलात पाय घालून आली. सावड खाली सरकली होती, कुणाचं थांबवून आमच्याकडे आणायचं? पुढचा जोराचा पाऊस आला तोवर रोप जून होऊन त्याला कांडी धरली होती. तसलंच लावलं. लावायला काका आलेच, सगळे आले, कुणी टोमणाही मारला नाही. आश्विनात खालची भातं ओंब्यांच्या भाराने वाकली. आमच्या ओंब्या ताठ उभ्या होत्या, कारण आत दाणाच नव्हता.

घाटावरून पाद्रीसाहेब अधूनमधून घोड्यावरून येत. ते त्याच सुमाराला आले. आमच्या अंगणात उपासना झाली, आजूबाजूच्या गावांतून चार ख्रिस्ती घरं आली होती. पाद्रीसाहेबांनी बाबांना पुढे उभं केलं आणि सांगितलं, जग पिकाकडे पाहतं, हा भाऊ स्वर्गातल्या कापणीकडे पाहतो. बायांनी डोळ्यांना पदर लावले. रविवारच होता. पाद्रीसाहेबांचा मोतद्दार आंब्याखाली घोड्याला खरारा करत होता आणि आई चुलीपुढे कोंबडीचा रस्सा ढवळत होती. एवढं सुरेख प्रवचन तिला काही ऐकायला मिळालं नाही. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं.

स्वर्गातली कापणी व्हायला वेळ होता, आणि घरातलं भात दिवाळीनंतर लवकरच संपलं. तेव्हा आम्ही कोळशाच्या भट्टीवर गेलो. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालू लागल्या होत्या आणि शहापूरच्या पलीकडे, उंबरमाळीच्या रानात, जिकडे तिकडे भट्ट्या लागल्या होत्या. ठेकेदाराला जोडी लागे, म्हणजे नवरा-बायको. पोरं फुकट. मुरबाडवरून चालत शहापूरला, तिथून मुकादमाच्या गाडीच्या मागे रानात, असे आम्ही गेलो. धाकटा भाऊ आईच्या कडेवर, मी भांडी घेऊन. मी दहा-अकरा वर्षांची असेन.

भट्टी म्हणजे रचलेल्या लाकडांचा ढीग, वर पालापाचोळा, त्यावर मातीचा लेप. आत लाकूड धुमसत राहिलं पाहिजे, पेटता कामा नये. कुठे लेपाला भोक पडून वारा शिरला की सगळ्याची राख. म्हणून कोणीतरी मातीची पाटी घेऊन सारखं तिच्याभोवती फिरत राहायचं आणि धूर फुटेल तिथे माती दाबायची. बाबांनी पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगितलं, मी रविवारी काम करणार नाही. मला वाटलं आता हाकलतो. मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "भट्टीला वार कळत नाय. जोडीतलं एक मानूस भट्टीवर पायजे. कोन ते तुमचं तुमी ठरवा."

ते ठरवायला लागलंच नाही. रविवारी बाबा सदरा घालून ऐनाच्या झाडाखाली बसले, आम्हा दोघांना जवळ घेतलं आणि शास्त्र वाचायला लागले. आई पाटी घेऊन भट्टीवर गेली. भट्टीवरची माणसं येता-जाता बाबांकडे बघून म्हणत, "देवमानूस हाय." देवमाणूस शेजाऱ्यांना परवडतो.

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. बाबा आम्हाला दहा आज्ञा पाठ करून घेत. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा मला लवकर पाठ झाली, कारण त्यात कुणी कुणी काम करायचं नाही ते एकेक करून सांगितलं आहे. मुलगा, मुलगी, चाकर, मोलकरीण, गुरंढोरं, एवढंच काय, दारी आलेला परकासुद्धा. एक दिवस म्हणून झाल्यावर मी विचारलं, "बाबा, यात आई कुठाय?"

बाबांनी पान पुन्हा पाहिलं. खरंच पाहिलं, ओळीवरून बोट फिरवून. मग म्हणाले, "आधी 'तू' म्हटलंय ना, त्यात ती आली."

"मग ती तिकडं का?"

"देवाचं वचन वाचताना उलट प्रश्न करू नये," बाबा म्हणाले आणि पुढची आज्ञा म्हणायला लावली. मी म्हणाले. ती आईबापाचा मान राखण्याची होती.

त्यानंतरच्याच एका रविवारी, सकाळी, भट्टीच्या माथ्यावर धूर फुटला. वाऱ्याचा दिवस होता. आई पाटी घेऊन वर चढली. आतलं लाकूड जळून पोकळी झाली होती आणि वरून काही कळत नव्हतं. तिने पाय टाकला आणि लेप खचला. गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे, तिचं वर्णन मी करणार नाही. बाबा धावले. शास्त्र मातीत पडलं, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी तिला काखेत धरून ओढून काढलं, खाली आणलं. आणि भाजल्या पायानिशी ती ओरडत होती, "आधी भोक बुजवा! भट्टी जाईल! आधी भोक बुजवा!" बाबा पुन्हा वर गेले आणि दोन्ही हातांनी माती लोटून त्यांनी भोक बुजवलं.

कोळशाच्या गाडीत घालून तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण घोट्यातून वाकडा झाला. ती पडून होती तितके दिवस तिच्या जागी मी भट्टीवर उभी राहिले, रविवारीसुद्धा. त्याला बाबा काय म्हणाले? काहीच नाही. आज्ञेत मुलगी होती, स्वच्छ शब्दांत होती. त्या दिवसांत बाबा झाडाखाली बसत, पण मोठ्याने वाचत नसत.

पावसाच्या तोंडावर आम्ही वाडीत परतलो. पाद्रीसाहेब आले. तीच चार घरं जमली. उपासनेच्या मध्ये बाबा आपण होऊन उभे राहिले. म्हणाले, मी देवाचा दिवस मोडला. रविवारी मी माझ्या बायकोला भट्टीतून ओढून काढलं आणि ठेकेदाराच्या भट्टीवर माती टाकली. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि हा माणूस, जो माझ्या डोळ्यांदेखत कधी रडला नव्हता, तो मुलासारखा रडला.

आई दाराशी पाय लांब करून बसली होती. उभं राहून काम होत नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिला सगळी उपासना ऐकायला मिळाली.

पाद्रीसाहेब उठले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या तोंडावर फार माया होती, हे मला कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, भाऊ, मन हलकं कर. यात पाप नाही. विसाव्याच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर तो धनी त्याला लगेच बाहेर काढणार नाही काय, असं प्रभूनेच विचारलं आहे. तू तेवढंच केलंस. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाबांनी डोळे पुसले. कुणीतरी गाणं धरलं आणि सगळे गायला लागले.

मी आईकडे पाहिलं. ती गात नव्हती. मी आजही ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते, आणि प्रभूने तो प्रश्न का विचारला असेल हेही मला आता थोडंफार कळतं. पण आईचा त्या वेळचा चेहरा आठवला की मला कुणाचाच उपदेश ऐकवत नाही.

लोक गेले. पाद्रीसाहेबांचा घोडा घाटाच्या वाटेला लागला. बाबा आत आले, हलक्या मनाने, आणि बऱ्याच महिन्यांनी आईशी नीट बोलले. "ऐकलंस ना? साहेब म्हणाले, पाप नाही."

"आयकला," आई म्हणाली. "पन बैलाला तुमी रविवारी कवा जुंपला नाय."

बाबांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि ते बाहेर जाऊन बसले. त्यावर त्या दोघांत पुन्हा बोलणं झालं नाही. आई पुढची सगळी वर्षं लंगडत सातही दिवस कामाला गेली. बाबा सहा दिवस.