पाठीवरचं नाव

अमेरिकेत हर्नडनला आमच्या ऑफिसच्या दारावर एक गार्ड बाई होत्या, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या. माणूस कितीही ओळखीचा असो, कार्डावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिल्याशिवाय त्या आत सोडत नसत.

त्यांची धाकटी बहीण त्यांच्या देशाच्या महिला फुटबॉल संघात होती. आफ्रिकन चॅम्पियनशिपची तयारी चालली होती. एकदा बाईंनी मला फोनवर सरावाचा फोटो दाखवला. मुलींच्या अंगात पुरुष संघाच्या जुन्या जर्सी होत्या आणि पाठीवरची नावं पांढऱ्या चिकटपट्टीने झाकलेली होती.

"निदान खेळायला तरी मिळतंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बोट केलं. "यावर उद्या दुसऱ्याचं नाव छापलं, तर घालशील?"



पुढच्या आठवड्यातला सरावाचा सामना आम्ही लंचमध्ये त्यांच्या फोनवर पाहिला. घामाने बहिणीच्या पाठीवरची पट्टी निघून गेली होती. तिने गोल केला, तेव्हा समालोचकाने पाठीवर वाचून त्या पुरुषाचंच नाव पुकारलं आणि मैदानात हशा पिकला. माझं डोकं सणकलं.

बाईंनी फोनचा आवाज बंद केला आणि बहिणीचं नाव मोठ्याने उच्चारलं. लॉबीतली माणसं वळून पाहू लागली, तसं त्यांनी ते पुन्हा उच्चारलं.