सानियानं मराठीत दाखवलेलं हॅम्बुर्ग

मस्कतच्या विमानतळावर सानियानं आम्हा दोघांना घट्ट मिठी मारली आणि मागं वळूनही न बघता आत निघून गेली. रेहाना, माझी बायको, काचेला नाक लावून उभी राहिली. मी उगाच ट्रॉली जागेवर लावत बसलो. लेक जर्मनीला, हॅम्बुर्गला, बंदरांचं शास्त्र शिकायला चालली होती आणि तिनं जाऊ नये म्हणून मी वर्षभर भांडलो होतो.

भांडायला मला तोंड नव्हतं, हे आता कबूल करतो. मी स्वतः विसाव्या वर्षी दाभोळ सोडलं. निघताना अम्मा एवढंच म्हणाली होती, "जा बाबा, पण आपलं बोलणं विसरू नको." मस्कतला येऊन इथल्या मत्रहच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात लागलो. गिऱ्हाइकाशी हिंदी, अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, अरबी, मराठी फक्त घरात. सानिया मस्कतमधल्याच दार्सैतच्या फ्लॅटमध्ये वाढली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. लहानपणी "मी आला" म्हणाली तेव्हा गावचे पाहुणे खो खो हसले, आणि त्या दिवसापासून तिनं लोकांसमोर मराठी बोलणंच सोडलं. आता जर्मनीत उरलंसुरलंही खलास होणार, आणि त्याबरोबर आम्हीसुद्धा, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो. ती नदीपलीकडे हारबुर्गला राहते, तिचं विद्यापीठही तिकडंच. पहिल्याच रविवारी म्हणाली, "अब्बा, आज चला माझ्याबरोबर. नवीन स्टुडंट्सना मी शहर दाखवते." स्टेशनवर चार मुलं उभी होती आणि त्यांच्यातल्या ओंकारबरोबर त्याची आई, साताऱ्याच्या जाधवकाकू. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. सानियानं एकदा माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि चक्क मराठीत सुरू झाली.

गाडीनं नदी ओलांडून बंदराजवळ उतरलो, तर लाल विटांच्या उंच वखारी पाण्यात उभ्या होत्या. "हे सगळं लाकडाच्या पायांवर उभं आहे," ती म्हणाली. खांब म्हणायचं होतं तिला. कुणी हसलं नाही. जाधवकाकू तर वाकून पाण्यात ते पाय शोधायला लागल्या. "आधी इथं लोक राहायचे. वखारी बांधायच्या म्हणून त्यांना उठवलं. मग कॉफी आली, गालिचे आले, मसाले आले." कितीतरी लोक याच बंदरातून बोटीत बसून अमेरिकेला गेले, लढाईत शहर जळालं, पुन्हा बांधलं, सगळं तिनं सांगितलं. अल्टोनाला पोचल्यावर म्हणाली, "हा भाग आधी डेन्मार्कच्या राजाचा होता." शहरातल्या जुन्या विद्यापीठाची गोष्ट सांगताना तिला हसू आवरेना. "इथले व्यापारी म्हणायचे, आम्हाला विद्यापीठ कशाला पाहिजे? पहिली मोठी लढाई संपली, तेव्हा कुठं ते सुरू झालं."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "शिकून काय करायचंय, दुकान आहे ना!" आम्ही सगळेच हसलो. माझं हसू जरा अडखळलं.

मग एका जुन्या वखारीत शिरलो. तिथं आता मसाल्यांचं प्रदर्शन आहे. पोत्यांपुढं थांबून सानिया म्हणाली, "पुढचं माझ्या अब्बांना जास्त माहीत आहे. अब्बा, सांगा." पंचवीस वर्षं मसाला हाताळला, पण लेकीनं मला चार माणसांत कधी काही विचारलं नव्हतं. वेलची हातात घेतली आणि बोलायला लागलो. हिरवी कशी ओळखायची, जुनी कशी वाजते, मत्रहच्या बायका कॉफीत टाकायला कशी निवडून घेतात. सानिया शेजारी उभी राहून त्याचं जर्मन करत होती, कारण तोवर तिथल्या दोन आज्याही ऐकायला थांबल्या होत्या. रेहाना पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?" सानिया जराही थांबली नाही. "दाभोळ. मस्कतला वाढले." शाळेत असताना हाच प्रश्न आला की ती माझ्या तोंडाकडं बघायची.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "तुला यायला नको म्हणालो, ते चुकलंच माझं." ती म्हणाली, "इथं आल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी मराठीत मदत मागितली, अब्बा. मग बोलावंच लागलं."

तुम्हीही कधी गाव सोडलं असेल, किंवा कुणाला निरोप देऊन मागं राहिला असाल, म्हणून हे लिहितो. घर कुठं, असं विचारलं तर मी दार्सैतचा पत्ता देतो, पण घर आता तेवढ्यात मावत नाही. गेल्या शुक्रवारी सानियाचा फोन आला. "अब्बा, बोट बांधतात त्या जाड दोराला आपल्याकडं काय म्हणतात?" मला आठवेना. दाभोळच्या भावाला त्याच फोनवर जोडलं. तो धक्क्यावरच होता. त्यानं शब्द सांगितला, सानियानं चुकीचा म्हटला, त्यानं पुन्हा सांगितला. मग आम्ही सगळ्यांनीच तो मोठ्यानं म्हणून पाहिला.